मॅक क्लॉज: लोनच्या कागदांवर सही करायच्या आधी काय बघायचं आणि बँकेने तो बाहेर काढला तर काय करायचं

लोन अ‍ॅग्रीमेंट पन्नास-साठ पानांचं असतं आणि ते कोणी वाचत नाही. व्याजदर बघतात, ईएमआय बघतात, प्रोसेसिंग फीवरून घासाघीस करतात आणि मग ब्रँचमधे बसून जिथे जिथे पेन्सिलने फुली मारलीये तिथे सह्या ठोकतात. त्याच पानांमधे कुठेतरी एक कलम असतं ज्याचा मतलब साधारण असा: कर्जदाराच्या व्यवसायावर, आर्थिक स्थितीवर, भवितव्यावर किंवा कर्ज फेडायच्या कुवतीवर मोठा प्रतिकूल परिणाम झाला, किंवा बँकेच्या मते होऊ शकतो असं दिसलं, तर बँक उरलेलं कर्ज देणं थांबवू शकते, सगळी बाकी एकदम मागू शकते आणि तारणाला हात घालू शकते. याला सगळे मटेरियल अ‍ॅडव्हर्स चेंज म्हणतात, थोडक्यात मॅक क्लॉज. काही ठिकाणी चेंजच्या जागी इफेक्ट असतं, काम तेच.

याबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे "अहो ते छापील असतं, त्याने काही होत नाही", आणि दुसरं म्हणजे "बँक कधीही गळा धरू शकते". दोन्ही अर्धवट. कोर्टात उभं राहून मॅक सिद्ध करणं बँकेला काय किंवा कंपनी विकत घेणाऱ्याला काय (खरेदी-विक्रीच्या करारातही हे कलम असतं), फार जड जातं, जगभरातले निकाल बघितले तर बहुतेक वेळा तो टिकत नाही. पण कोर्टापर्यंत जायला तुमच्याकडे वेळ असतो कुठे? तोपर्यंत डिस्बर्समेंट, म्हणजे कर्जाचे पैसे हातात येणं, अडलेलं असतं, मशीनवाला बॅलन्स पेमेंटसाठी फोन करत असतो, आणि तुम्ही बँक सांगेल त्या अटीवर सही करता. म्हणून या कलमाची लढाई सही करायच्या आधीच लढायची असते, आणि ती मुख्यतः एकाच प्रश्नावर असते: परिणाम "मोठा" आहे हे ठरवणार कोण.

आधी कलम शोधा, ते एका जागी नसतं

व्याख्यांच्या पानावर नुसती व्याख्या असते, ती वाचून काही कळत नाही, तो शब्द पुढे कुठे कुठे वापरलाय ते बघायचं. पीडीएफ मागून घ्या आणि सर्च मारा. साधारण चार-पाच जागी सापडतो. डिस्बर्समेंटच्या आधीच्या अटींमधे असतो, म्हणजे प्रत्येक हप्ता उचलताना "मागच्या ऑडिटनंतर काही प्रतिकूल बदल झालेला नाही" असं तुम्ही लिहून देता. रिप्रेझेंटेशन अँड वॉरंटीजमधे, म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल खरी म्हणून लिहून दिलेल्या विधानांमधे असतो, आणि तिथे खाली एक बारीक वाक्य असतं की ही सगळी विधानं दर तिमाहीला किंवा रोज नव्याने केली असं समजलं जाईल, हे वाक्य फार कमी लोक बघतात, पण त्याने असं होतं की तुम्ही काहीही न करता, गप्प बसून सुद्धा, खोटं विधान केल्याचा डिफॉल्ट, म्हणजे करारभंग, होऊ शकतो. मग इव्हेंट्स ऑफ डिफॉल्टच्या यादीत शेवटून दुसरा-तिसरा मुद्दा म्हणून असतो. आणि माहिती द्यायच्या अटींमधे असतो, की असा काही बदल झाला तर तुम्ही बँकेला ताबडतोब कळवायचं.

सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, वेगळं तपासा. तिथे मॅक हा शब्द नसतो पण "न वापरलेली लिमिट बँक केव्हाही पूर्वसूचना न देता रद्द करू शकेल" असं वाक्य असतं. हे वाक्य काढा म्हणून ब्रँच मॅनेजरशी वाद घालू नका, तो काढू शकत नाही. बासेलच्या, म्हणजे बँकांनी किती भांडवल ठेवायचं याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे ते तिथे आलंय: न वापरलेली लिमिट केव्हाही बिनशर्त रद्द करता येत असेल, किंवा कर्जदाराची पत घसरल्यावर आपोआप रद्द होत असेल, तर बँकेला त्यापोटी भांडवल अगदी कमी किंवा अजिबात ठेवावं लागत नाही. वाक्य काढलं तर बँकेला तुमची लिमिट महाग पडते. बँक कशावर ऐकेल आणि कशावर नाही याचा अंदाज आधी असला की जिथे जोर लावायचा तिथे लावता येतो.

सीसी आणि टर्म लोनमधला फरक

कॅश क्रेडिट (सीसी) किंवा ओव्हरड्राफ्ट (ओडी) असेल तर मॅक क्लॉजची फार चिंता करून उपयोग नाही, कारण ते मुळातच मागणी केल्यावर परत करायचं कर्ज असतं, दरवर्षी रिन्यू होतं, आणि स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलता येतील ती मर्यादा, कमी करून बँक मॅकचं नावही न घेता तुमचा श्वास कोंडू शकते. मॅक खरा चावतो तो टर्म लोनमधे, म्हणजे ठराविक मुदतीत हप्त्यांनी फेडायच्या कर्जात, आणि त्यातही हप्त्याहप्त्याने उचलायच्या टर्म लोनमधे.

उदाहरण घेऊ. समजा तुमची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, वर्षाची उलाढाल 18 कोटी, त्यातला 40 टक्के माल एका ट्रॅक्टर कंपनीला जातो. नवीन इंडक्शन फर्नेस आणि शेड वाढवायला 4 कोटींचं टर्म लोन घेतलंत, त्यातले अडीच कोटी उचलले, शेड उभी राहिली, फर्नेसचा अ‍ॅडव्हान्स गेला. मग दोन तिमाह्या ट्रॅक्टरची मागणी पडली, तिमाहीची साडेचार कोटींची विक्री 3 कोटी 10 लाखांवर आली. ईएमआय एकही चुकलेला नाही. आणि दीड कोटींची शेवटची उचल मागायला गेलात की क्रेडिट ऑफिसर म्हणतो विक्री 31 टक्के पडलीये, हा प्रतिकूल बदल आहे, आधी जादा तारण द्या.

इथे बँकेने कर्ज परत मागितलेलं नाही, कोर्टात जायचा प्रश्नच नाही, तिने फक्त पुढचे पैसे दिले नाहीत. अर्धी उभी राहिलेली भट्टी उत्पन्न देत नाही, अडीच कोटींचं व्याज मात्र चालू, आणि उरलेल्या दीड कोटींसाठी दुसरी बँक येणार नाही कारण मशिनरीवर पहिल्या बँकेचा चार्ज, म्हणजे तारणाचा हक्क. मॅक क्लॉजचं नव्वद टक्के नुकसान या प्रकारात होतं असं माझं मत आहे. कर्ज रिकॉल करायला, म्हणजे सगळं एकदम परत मागायला, बँका स्वतःच कचरतात, उचल थांबवायला कचरत नाहीत.

यावर एक साधा उपाय सही करायच्या आधीच करता येतो, तो म्हणजे उचलीचं वेळापत्रक. सप्लायरचं महत्त्वाचं पेमेंट आणि उचल एकमेकांना बांधा, आणि शेवटच्या उचलीसाठी अशी अट घ्या की मशीनचा ठराविक टक्के पैसा एकदा गेला की त्यानंतरची उचल फक्त पेमेंट डिफॉल्ट असेल तरच थांबेल, मॅकवरून नाही. प्रोजेक्ट अर्धवट राहिला तर बँकेचं तारणही अर्धवट राहतं हे क्रेडिटवाल्यांना समजतं, त्यामुळे ही मागणी वाटते तितकी अवघड नाही.

कलम वाचायचं कसं

पहिलं, कोण ठरवणार. तीन प्रकारची भाषा दिसते. एक, "प्रतिकूल बदल झाला तर", म्हणजे वस्तुस्थिती, वाद झाला तर तिसरा माणूस म्हणजे कोर्ट किंवा आर्बिट्रेटर (लवाद) ठरवणार. दोन, "बँकेच्या वाजवी मते". तीन, "बँकेच्या एकमेव आणि पूर्ण मर्जीनुसार". तिसरी असेल तर बाकीच्या कलमात कितीही चांगले शब्द असले तरी त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण बँकेने मत बनवलं हेच पुरेसं ठरतं आणि तुम्हाला ते मत मनमानी होतं किंवा वाईट हेतूने होतं असं दाखवत बसावं लागतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचा प्रयत्न करायचाच, तो एक शब्द "वाजवी" घालून मिळाला तर बाकी दहा मागण्या सोडल्या तरी चालतील, इतका तो महत्त्वाचा. वाजवी म्हटलं की बँकेला कारण द्यावं लागतं, आकडे दाखवावे लागतात, फाइलमधे नोट लागते.

दुसरं, परिणाम कशावर. व्यवसाय, आर्थिक स्थिती, फेडायची कुवत, तारणाची किंमत, कागदपत्रांची कायदेशीर वैधता, अशी लांब यादी असते. सगळ्यात सुरक्षित म्हणजे "या करारातले पैसे फेडायच्या कुवतीवर" एवढंच. ते नाही मिळालं तर निदान "भवितव्य" हा शब्द काढून टाका. आर्थिक स्थिती बॅलन्स शीटवर मोजता येते, भवितव्य म्हणजे कोणाचाही अंदाज, उद्या सेक्टरवर एक वाईट रिपोर्ट आला तरी तुमचं भवितव्य बिघडलं म्हणता येतं. तसंच "ग्रुप कंपन्या" आणि "प्रमोटरचे नातेवाईक" यादीत असतील तर नावं घालून यादी मर्यादित करा, नाहीतर चुलतभावाच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपामुळे तुमच्या फाउंड्रीचं लोन अडायचं.

तिसरं, क्रियापद बघा. "झाला आहे", "होईल" आणि "होऊ शकतो" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. होऊ शकतो म्हटलं तर काहीही होऊ शकतं. निदान "होण्याची दाट शक्यता आहे" इथवर आणा.

चौथं, बदल कुठल्या तारखेपासून मोजायचा. इथे एका इंग्लिश निकालाचा उपयोग होतो, 2013 चा, ग्रुपो होतेलेरो उर्वास्को विरुद्ध कॅरी व्हॅल्यू अ‍ॅडेड, लंडनमधल्या एका हॉटेल प्रोजेक्टच्या कर्जावरून स्पॅनिश पार्ट्यांमधे झालेली केस. त्यात कर्जाच्या मॅक क्लॉजबद्दल चार गोष्टी स्वच्छ सांगितल्या: आर्थिक स्थिती ही मुख्यतः आर्थिक माहितीवरूनच तपासायची, बदल इतका मोठा हवा की फेडायच्या कुवतीवर ठळक परिणाम होईल, तो तात्पुरता नसावा, आणि कर्ज देताना जी परिस्थिती बँकेला आधीच माहीत होती तिच्यावर बोट ठेवून नंतर मॅक लावता येत नाही. सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. आपल्याकडच्या कोर्टावर हा निकाल बंधनकारक नाही पण आपले वकील तो दाखवतात, कारण कर्जाच्या मॅकवर भारतात फार निकाल नाहीत.

यातला शेवटचा मुद्दा तुमच्या हातात आहे. जे काही वाईट आहे ते सही आधी लेखी सांगून टाका. एक गिऱ्हाईक 40 टक्के आहे, जीएसटीची एक नोटीस चालू आहे, प्रदूषण मंडळाचं कन्सेंट रिन्युअल पेंडिंग आहे, सगळं एका पत्रात लिहा आणि ब्रँचचा शिक्का-तारखेसह पोच घ्या. लोक हे लपवतात, वाटतं लोन नाकारतील. पण लपवलेली गोष्ट पुढे चुकीचं रिप्रेझेंटेशन म्हणून उलटते, सांगितलेली गोष्ट ढाल होते.

पाचवं, अपवाद. कंपनी खरेदी-विक्रीच्या करारात अपवादांची मोठी यादी असते: एकूण अर्थव्यवस्था, त्या उद्योगातली मंदी, कायद्यातला बदल, युद्ध, साथ, आणि मग अपवादाला अपवाद, की याचा फटका बाकीच्यांपेक्षा तुम्हालाच जास्त बसला तर तो मोजला जाईल. लोनमधे बँका अपवाद सहसा देत नाहीत, त्यांचं म्हणणं असं की कारण काही असो आम्हाला पैसे मिळणार की नाही तेवढं बघायचंय, आणि त्यात तथ्य आहे. तरी सीझनल धंदा असेल, म्हणजे साखर कारखान्याला पार्ट पुरवणारा, फटाका, आंबा पल्प, तर "हंगामी चढउतार मोजले जाणार नाहीत, तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी होईल" एवढं नक्की मागा.

सहावं, नोटीस आणि मुदत. मॅक लावायच्या आधी कारणासह लेखी नोटीस, मग 30 दिवस दुरुस्तीला, आणि परिणाम पायरीपायरीने: आधी माहिती आणि चर्चा, मग नवीन उचल थांबवणं, मग जादा तारण, आणि रिकॉल सगळ्यात शेवटी. छापील फॉरमॅटमधे हे सगळं एकाच वाक्यात असतं आणि कुठलीही पायरी आधी घेता येते.

आणि एक सूचना, आकड्यातली कोव्हनंट्स, म्हणजे कर्जदाराने पाळायच्या अटी, चांगली असली तर मॅकची गरज कमी होते असा मुद्दा बँकेसमोर मांडता येतो. डीएससीआर (कमाई ही त्या काळातल्या हप्ते-व्याजाच्या किती पट आहे ते) 1.20 च्या खाली गेला तर डिफॉल्ट, असं स्पष्ट असेल तर दोघांनाही कळतं कुठे उभे आहोत. पण मग असंही लिहून घ्या की कोव्हनंट पाळलं जात असताना त्याच कारणासाठी मॅक लावला जाणार नाही, नाहीतर पुढचा दरवाजा बंद आणि मागचा उघडा.

बँकेशी बोलायचं कधी आणि कोणाशी

सँक्शन लेटर ड्राफ्ट असताना. डॉक्युमेंटेशनच्या दिवशी, स्टॅम्प ड्युटी भरून कागद समोर आल्यावर, कोणी काही बदलत नाही. ब्रँचला अधिकार नसतो, बदल सँक्शनिंग अ‍ॅथॉरिटीकडून यावा लागतो, म्हणून मागण्या लेखी, दोन-तीनच आणि कारणासह द्या. पाच कोटींच्या आतल्या लोनला बहुतेक बँका छापील मजकूर बदलत नाहीत, पण सँक्शन लेटरमधे विशेष अट म्हणून घालायला कधीकधी तयार होतात, आणि मग अ‍ॅग्रीमेंटमधे "विसंगती असेल तर सँक्शन लेटर मान्य" असं वाक्य आहे ना ते तपासा, उलटं असेल तर मिळवलेलं सगळं पाण्यात. एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या, जास्त लवचिक असतात पण व्याजही तसंच असतं. तोंडी "आम्ही असं कधी करत नाही हो" याला काडीची किंमत नाही, दोन वर्षांनी तो मॅनेजर रत्नागिरीला नाहीतर रांचीला असतो.

नोटीस किंवा मेल आला तर

पहिले दोन दिवस फोनवर काही बोलू नका. घाबरून "साहेब सध्या फार वाईट चाललंय, जरा सांभाळून घ्या" असा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप पाठवणारे खूप असतात, तो मेल म्हणजे बँकेच्या फाइलमधला सगळ्यात भक्कम पुरावा, तुमच्याच सहीचा.

ईएमआय चालू ठेवा, काहीही झालं तरी, उसनवारी करून का होईना. कारण सरफेसी कायद्याच्या (ज्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं) कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस काढायला परतफेडीत डिफॉल्ट आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरलेलं, दोन्ही लागतं, आणि एनपीए व्हायला 90 दिवस थकावं लागतं. हप्ते वेळेवर असताना नुसत्या मॅकच्या जोरावर बँक सरळ तुमच्या फॅक्टरीला कुलूप लावायला येऊ शकत नाही. मात्र तिने मॅकवरून सगळं कर्ज रिकॉल केलं आणि ती रक्कम थकीत दाखवली तर वाद सुरू होतो, म्हणून रिकॉल लेटरला लेखी हरकत लगेच घेतलेली हवी, सहा महिन्यांनी नाही.

उत्तरात बँकेला विचारा: कुठल्या कलमाखाली, कुठली घटना, कुठल्या तारखेला, कुठल्या आकड्यांवरून, आणि बँकेचं हे मत कोणी बनवलं. रिझर्व्ह बँकेच्या 2003 च्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमधे स्पष्ट आहे की कर्ज रिकॉल करायच्या किंवा जादा तारण मागायच्या आधी करारात सांगितलेली नोटीस द्यायची, आणि करारात मुदत नसेल तर वाजवी मुदत द्यायची. हे वाक्य उत्तरात घाला. सोबत सीएचं सर्टिफिकेट जोडा: हातातल्या ऑर्डरी, पुढच्या 12 महिन्यांचा कॅश फ्लो, मागच्या 24 महिन्यांचे हप्ते वेळेवर गेल्याचं स्टेटमेंट, आणि त्या फाउंड्रीच्या उदाहरणात म्हटलं तर मागच्या चार-पाच वर्षांचे तिमाही विक्रीचे आकडे, म्हणजे अशी घसरण आधीही आली होती आणि भरून निघाली होती हे कागदावर दिसेल. बदल तात्पुरता आहे हा मुद्दा शब्दांनी नाही, अशा तक्त्याने सिद्ध होतो.

पीनल चार्ज लावलाय का बघा. ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा चार्ज म्हणून लावायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही.

खरंच अडचण असेल तर एमएसएमईसाठी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी, 2016 पासूनची पुनरुज्जीवनाची चौकट आहे, 25 कोटींपर्यंतच्या कर्जांना, त्यात खातं एनपीए व्हायच्या आधीच ताण ओळखून कमिटीने दुरुस्ती, पुनर्रचना किंवा वसुली यातला मार्ग ठरवायचा असतो. प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात, जे मुंबई हायकोर्टातून वर गेलं, सुप्रीम कोर्टाने 2024 मधे सांगितलं की ही चौकट बँकांवर बंधनकारक आहे, पण उद्योजकानेही वेळेत पुढे येऊन आपण एमएसएमई आहोत हे कागदपत्रांसह सांगितलं पाहिजे, सरफेसीची सगळी कारवाई होईपर्यंत गप्प बसून नंतर हा मुद्दा काढता येणार नाही. यात एक पेच आहे: अर्ज करायचा म्हणजे ताण आहे हे लेखी कबूल करायचं, आणि तीच कबुली मॅकला पोषक. म्हणून दोन्ही पत्रं एकाच वकिलाने एकत्र बसून लिहावी, एकात "सगळं ठीक" आणि दुसऱ्यात "बुडतोय" असं होता कामा नये.

रिझर्व्ह बँकेच्या ओंबड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, आधी त्याला बँकिंग ओंबड्समन म्हणत) जायचा सल्ला बरेच जण देतात. बँकेच्या व्यावसायिक निर्णयात तो पडत नाही, त्यामुळे "लोन का थांबवलं" यावर तिथे फार आशा ठेवू नका, नोटीसच दिली नाही किंवा चार्ज चुकीचा लावला असल्या तक्रारीला उपयोग होतो.

धंदा विकताना किंवा घेताना

इथे मॅक उलट्या बाजूने काम करतो: करार झाला आणि पैसे हातात येणं यात तीन-सहा महिने जातात, तेवढ्यात काही बिघडलं तर घेणाऱ्याला पळवाट हवी असते. अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टाने 2001 मधे टायसन फूड्सला आयबीपी ही मांस कंपनी घ्यायला लावली, आयबीपीचा तिमाही नफा आदल्या वर्षीपेक्षा 64 टक्के घसरला होता तरी. कोर्टाचं म्हणणं असं की घेणारा काही तीन महिन्यांसाठी कंपनी घेत नाही, फटका वर्षानुवर्षं टिकणारा हवा. त्यानंतर तिथे मॅक टिकलेला पहिला मोठा निकाल यायला 2018 उजाडलं: फ्रेझेनियसने अकॉर्न ही औषध कंपनी सुमारे 4.3 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं, मग अकॉर्नची वर्षाची कमाई निम्म्याहून खाली आली, ती वर्षभर सावरली नाही, आणि वर एफडीएला (अमेरिकेची औषध नियामक संस्था) दिलेल्या डेटामधले घोटाळे बाहेर आले, जे निस्तरायला कंपनीच्या किमतीच्या सुमारे 21 टक्के खर्च येईल असं कोर्टाने धरलं. इतकं झालं तेव्हा कुठे सुटका.

बहुतेक वेळा मॅकचा उपयोग भाव पाडायला होतो. याहूचे डेटा चोरीचे प्रकार बाहेर आल्यावर याहू विकत घेणाऱ्या व्हेरायझनने 2017 मधे 35 कोटी डॉलर कमी करून घेतले. एलव्हीएमएच टिफनी ही दागिन्यांची कंपनी घेत होती, दोघे 2020 मधे कोर्टात गेले आणि शेअरमागे 135 वरून 131.50 डॉलरवर मिटवलं. आपल्याकडे छोट्या व्यवहारातही हेच होतं, फक्त आकडे लाखात असतात. विकणारे असाल तर करारात आकडा घाला, म्हणजे "मागच्या 12 महिन्यांच्या एबिटडात 25 टक्क्यांहून जास्त घट, जी सलग दोन तिमाह्या टिकली" असं काहीतरी (एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करायच्या आधीचा नफा), आणि व्यवहाराच्या बातमीमुळे गेलेलं गिऱ्हाईक किंवा सोडून गेलेला मॅनेजर हे स्पष्ट अपवाद ठेवा.

लिस्टेड कंपनी असेल तर मॅक जवळजवळ निकामी. निरमा इंडस्ट्रीजने गहाण ठेवलेले शेअर ताब्यात घेतल्यामुळे श्री रामा मल्टी-टेकसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव, द्यावी लागली, नंतर त्या कंपनीत गैरव्यवहार झाल्याचं कळलं म्हणून ऑफर मागे घ्यायची परवानगी मागितली, सेबीने नाकारली आणि 2013 मधे सुप्रीम कोर्टानेही नाकारली. ऑफर पुरी करणं अशक्य झालं तर गोष्ट वेगळी, सौदा तोट्याचा झाला हे कारण चालत नाही.

फोर्स मेजरशी गल्लत नको

कोविडमधे ही गल्लत सगळ्यांनी केली. फोर्स मेजर म्हणजे काम करणंच अडलं, मॅक म्हणजे काम होऊ शकतं पण परिस्थिती पार बदलली. आणि करारात यातलं काहीच नसेल तर कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 56, जे फक्त अशक्यतेला आहे, महागाईला नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्या भाव वाढवून मागत होत्या, त्यांना 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. एप्रिल 2020 मधे लॉकडाउनचं कारण देऊन स्टील आयातदार मुंबई हायकोर्टात लेटर ऑफ क्रेडिट (विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी) थांबवायला गेले, त्यांनाही दिलासा मिळाला नाही, करारातलं फोर्स मेजर फक्त विक्रेत्यासाठी होतं आणि लॉकडाउन मर्यादित काळाचा होता. म्हणजे "परिस्थिती बदलली" यावर तुम्हाला स्वतःला सुटका हवी असेल तर ती करारात लिहून घ्यावीच लागते, कायदा फुकट देत नाही. मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटींमधे "सप्लायरची आर्थिक स्थिती खालावली असं वाटलं तर" ऑर्डर रद्द करायचा आणि टूलिंग (साचे वगैरे) उचलून न्यायचा हक्क असतो, त्यावरही बोलून घ्या, किमान तयार झालेल्या आणि चालू मालाचे पैसे मिळतील असं घालून घ्या. बँक उद्या त्याच रद्द ऑर्डरवरून मॅक लावू शकते, एकातून दुसरं असं लागतं.

राहिला गॅरंटर, म्हणजे जामीनदार. व्याख्येत "कर्जदार किंवा गॅरंटर" असं जोडून लिहिलेलं असतं आणि गॅरंटर म्हणजे बहुतेक घरी बायको, वडील किंवा मोठा भाऊ. वडील गेले, किंवा भावाने स्वतःच्या घरासाठी मोठं लोन काढलं, की कागदोपत्री गॅरंटरच्या स्थितीत प्रतिकूल बदल झाला, तुमचा धंदा उत्तम चालू असला तरी. इथे एकच अट घालून घ्यायची: असं काही झालं तर 90 दिवसांत दुसरा गॅरंटर किंवा तेवढ्या किमतीचं तारण द्यायची मुभा, आणि तोपर्यंत डिफॉल्ट धरणार नाही. बँका ही अट सहसा देतात, मागितली तर. आणि गॅरंटीच्या कागदावर सही करणाऱ्या माणसालाही ती प्रत वाचायला द्या, कारण कर्जाच्या अटी पुढे त्याला न विचारता बदलल्या तरी तो मोकळा होणार नाही असं कलम त्यात असतं, आणि त्याला ते बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.